टाक्यात दडलेला निरोप: माझ्या गोष्टीची पार्श्वभूमी

सध्या एका काल्पनिक राज्याची गोष्ट लिहून राहिली आहे मी. त्यात वेशीवरचे पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या, पगड्या, बंडीतला कडबा सगळं उपसून पाहतात, पण बाईच्या पदरावरचं भरतकाम कोणी पाहत नाही आणि निरोप नेमका तिथंच असतो. दोघातिघांनी वाचून विचारलं की हे काहून सुचलं, असं खरंच होत होतं का कधी. होत होतं ना बाप्पा, माझ्या गोष्टीपेक्षा भारी होत होतं.

चीनमधली सू हुई घ्या, चौथं शतक. नवरा दूर नोकरीवर, तिथं दुसरी बाई सोबत, तर हिनं रेशमी कापडावर अक्षरांचा चौकोनच करून पाठवला. आज मिळतो तो 29 गुणिले 29, म्हणजे 841 अक्षरांचा, उभं वाचा, आडवं वाचा, उलटं वाचा, कविता निघतेच. आख्यायिका अशी की नवरा परत आला. तिकडंच हुनान प्रांतात नुशू नावाची बायकांची वेगळी लिपी होती, पुरुषांना ती वाचता यायची नाही, आणि बायका ती रुमालांवर अन् पट्ट्यांवर भरायच्या.

पण माझी लाडकी म्हणजे स्कॉटलंडची राणी मेरी. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिनं तिला 1568 पासून जवळपास 19 वर्षं कैदेत ठेवलं आणि त्या काळात ही बाई राखणदाराच्या बायकोसोबत बसून भरतकाम करत होती. एका तुकड्यावर नारिंगी मांजर आणि समोर उंदीर आहे. एलिझाबेथचे केस लाल, पुढचं तुम्हीच समजून घ्या. आता गंमत पाहा, हीच मेरी बियरच्या पिंपातून सांकेतिक लिपीतली पत्रंसुद्धा पाठवत होती, ती सगळी मध्येच उघडून वाचली गेली, लिपी फोडली आणि 1587 मध्ये तिचं मुंडकं उडालं. मांजर मात्र अजून शाबूत आहे! माझी सगळी गोष्ट या एका फरकावर उभी आहे, पत्र दिसलं की लोक संशयानं उघडतात आणि भरतकाम दिसलं की "छान आहे हो" म्हणून पुढं जातात.

1941 मध्येपण हेच झालं. मेजर कॅस्डागली नावाचा ब्रिटिश अधिकारी जर्मनांच्या कैदेत होता, त्यानं क्रॉस स्टिचचा एक नमुना केला आणि कडेच्या नक्षीत मोर्सच्या, म्हणजे तारायंत्राच्या सांकेतिक लिपीच्या, ठिपके-रेघांमध्ये राजाचा जयजयकार आणि हिटलरला शिवी भरली. जर्मनांनी तो कौतुकानं कॅम्पांमध्ये लावला. (पुरुषाचं भरतकाम असूनही शंका आली नाही, म्हणजे बघा.)

अमेरिकेत गुलाम पळून जायचे तेव्हा गोधड्यांवर खुणा असायच्या, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. 1999 च्या एका पुस्तकानंतर ती फार पसरली, पण इतिहासकारांना पुरावा सापडत नाही, म्हणून मी ती घेतली नाही.

बाकी माझ्या राज्यातली विणकरांची वस्ती सरळ आपल्या नागपूरच्या गोळीबार चौक-तांडापेठेवरून उचलली आहे, तिथल्या हलबा कोष्ट्यांचे हातमाग डोक्यात होते. करवत काठी टसर साडी पाहिली असेल ना, काठाला करवतीसारखे दात, तीन धोटे (आडवा दोरा फिरवायचे) लावून विणतात. ते विणकाम आहे, भरतकाम नाही, माहीत आहे मला, पण दात मोजून आकडा सांगायचा ही कल्पना सोडवेना. अक्षरांसाठी मग भरतकामच, मोर्ससारखंच, गाठीचा टाका म्हणजे ठिपका आणि लांब टाका म्हणजे रेघ.

आणि पकडणारी कोण ठेवली, तर एक म्हातारी. माझी आजी नागपुरातल्या महाल भागातल्या घरी कोणाचंही मॅटीवरचं (भरतकामाच्या जाळीदार कापडावरचं) काम हातात आलं की आधी पालथं करायची, मागं दोरे कसे लपवले ते पाहायला, पुढून सगळेच चांगलं करतात म्हणे. माझ्या गोष्टीतला खरा निरोपही मागच्याच बाजूला आहे.