फुलांचा गेंद (पोमँडर)

गेंद म्हणजे फुले दाटीने खोचून किंवा गुंडाळून केलेला चेंडू. लग्नाच्या मांडवात तो फितीने टांगतात, नवरीपुढे चालणाऱ्या लहान मुलीच्या हाती देतात, कधी टेबलावर नुसता ठेवतात. इंग्रजी वळणाच्या कॅटलॉगात त्याला पोमँडर म्हणतात. ठाणे-नवी मुंबईच्या डेकोरेटरांच्या तोंडी मात्र ‘फ्लॉवर बॉल’ किंवा नुसता ‘बॉल’ असतो. फुलांच्या चेंडूला गेंद हा मराठीतला जुना शब्द आहे. वस्तू चलनात आली आहे, तर शब्दही यायला हरकत नाही.

पोमँडर हे नाव फ्रेंचमधून आले असून त्याचा अर्थ ‘अंबराचे सफरचंद’. मध्ययुगीन युरोपात अंबर, कस्तुरी असे सुगंधी पदार्थ गोळ्यात किंवा जाळीदार डबीत घालून गळ्यात अथवा कमरेला अडकवत. दुर्गंधीने रोग पसरतो अशी तेव्हाची समजूत होती, आणि प्लेगच्या दिवसांत हा गोळा नाकाशी धरला जाई. (ज्या ‘व्हेलच्या उलटी’ची तस्करी करताना ठाण्यात अधूनमधून माणसे पकडली जातात, तेच हे अंबर.) पुढे लवंगा टोचलेले संत्रे हा त्याचा स्वस्त अवतार झाला. लग्नातल्या गेंदात आता वासापेक्षा आकाराला महत्त्व आहे. फुलांच्या दुकानांतले बहुतेक डच गुलाब जवळजवळ निर्गंध असतात, तेव्हा मूळ हेतू पुरता मागे पडला आहे.

या भागात गेंदाला दोन वाटांनी मागणी येते. ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्ती लग्नांत चर्चमध्ये नवरीपुढे चालणाऱ्या मुलीकडे टोपलीऐवजी गेंद देतात. दुसरी वाट हळदीची. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, करावे या आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र लग्नाइतकीच, काही घरी लग्नापेक्षा मोठी असते. तिथे दारच्या मांडवाला झेंडूचे पिवळे-केशरी गेंद ओळीने टांगतात. ठाण्याच्या सभागृहांतल्या लग्नांत पांढरा-गुलाबी गेंद दिसतो तो या दोहोंच्या मधला.

बांधणीच्या दोन रीती आहेत. देशी रीतीत झेंडूची किंवा शेवंतीची माळ सुतळीच्या, पेंढ्याच्या वा कापडाच्या गोळ्यावर गुंडाळत जातात आणि सुईदोऱ्याने टाचतात. पाणी नसल्यामुळे गेंद हलका राहतो, पण रात्रीपलीकडे टिकत नाही. झेंडूला तेवढे पुरते. दुसरी रीत फोमची. पाणी शोषणारा हा हिरवा फोम व्हर्नन स्मिदर्स यांनी अमेरिकेत १९५४ मध्ये आणला. त्याच्या ‘ओअॅसिस’ या ब्रँडनावानेच कारागीर कुठल्याही कंपनीचा फोम मागतात. तयार गोळे मिळतात, पण सहज मिळते ती वीट, साधारण २३ × ११ × ८ सें.मी.ची. जाडी आठच असल्याने त्याहून मोठ्या गोळ्यासाठी दोन विटा जोडून कोराव्या लागतात आणि वरून बारीक तारेची जाळी आवळावी लागते.

फोम पाण्यात दाबून बुडवणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. वरचा थर भिजतो, आत हवा कोंडते आणि कोरड्या गाभ्यापर्यंत गेलेले देठ दुपारपर्यंत माना टाकतात. वीट पाण्यावर नुसती सोडायची, ती आपोआप बुडते. फीत फुलांच्या आधी घालतात: गोळ्यातून आरपार काढून खाली चकती किंवा बांबूच्या काडीचा तुकडा अडकवायचा, नाहीतर ओला फोम स्वतःच्याच भाराने फाटतो. मग देठ दोन-तीन सें.मी. ठेवून तिरके कापायचे आणि पृथ्वीगोलावर विषुववृत्त व रेखावृत्ते काढावीत तशा फुलांच्या ओळी आधी लावून मधल्या फटी भरायच्या. एका बाजूने सुरुवात केली तर शेवटी गेंद बटाट्यासारखा दिसतो. काम टांगूनच करावे. टेबलावर ठेवलेल्या गेंदाची खालची फुले चेपतात.

किमतीचे सगळे भांडण व्यासात आहे. गिऱ्हाईक म्हणते, ‘थोडा मोठा करा’, आणि त्याच्या मनात दरही थोडाच वाढलेला असतो. पण फुले लागतात ती पृष्ठभागाला, आणि पृष्ठभाग व्यासाच्या वर्गाने वाढतो. पाच सें.मी. रुंद उमललेला गुलाब फोमच्या दीड सें.मी. वर पसरतो असे धरले, तर १० सें.मी.च्या गोळ्याला सुमारे २५, १५ सें.मी.ला ४७ आणि २० सें.मी.ला ७७ फुले लागतात. म्हणजे व्यास दुप्पट, फुले तिपटीहून जास्त. वजन तर घनाने वाढते. पुरता भिजलेला १० सें.मी.चा फोम अर्ध्या किलोच्या आसपास, १५ सें.मी.चा दीड किलोच्या वर आणि २० सें.मी.चा चार किलोंच्या घरात जातो. म्हणून लहान मुलीच्या हातातला गेंद दहाच्या वर नेऊ नये. मोठा हवाच असेल तर कोरड्या गोळ्यावर, लग्नाच्या दिवशी सकाळी करावा.

हिशेबाची एक नमुना मांडणी अशी. गुलाबाची २० फुलांची गड्डी २०० रुपयांना धरली, तर एक फूल १० रुपयांना पडते. १५ सें.मी.च्या गेंदाला मोडतोडीसाठी दहा टक्के धरून ५२ फुले, म्हणजे ५२० रुपये. फोम, जाळी, फीत १३०. दीड तासाची मजुरी, तासाला १५० ने २२५. बेरीज ८७५, वाहतूक, टांगणावळ आणि मालकाचा नफा याच्या वर. २० सें.मी.च्या गेंदाला ८५ फुले, सामान २२०, दोन तासांचे ३००, मिळून १,३७०. पाच सें.मी.चा फरक जवळपास पाचशे रुपयांना पडतो, आणि तो ठराव होतानाच तोंडावर सांगावा. मांडवात सांगितला तर कुणी ऐकत नाही. यात खरी चंचल रक्कम फुलांची. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, चातुर्मासात थांबतात, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गुलाब प्रेमिकांच्या भावाने विकला जातो. तेव्हा दर गड्डीवर नाही, त्या दिवसाच्या बाजारावर सोडण्याची अट शहाणे डेकोरेटर आधीच घालतात.

फुले येतात दादर आणि कल्याणच्या बाजारातून. वाशीच्या बाजार समितीतले पाच बाजार कांदा-बटाटा, फळे, भाजी, मसाला आणि धान्य यांचे, त्यामुळे नवी मुंबईकराला फुलांसाठी पहाटे खाडी ओलांडून दादर, नाहीतर कल्याण गाठावे लागते. हात न बसलेल्याने शेवंती घ्यावी: फूल भरदार, देठ ताठ, चूक झाकणारे. कार्नेशनही सोयीचे, पण ते आंबे-केळ्यांसोबत फ्रीजमध्ये ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने पाकळ्या मिटतात. मोगरा आणि निशिगंध सकाळीच खोचायचे. मे महिन्यातल्या ठाण्यात रात्रभर ठेवलेला मोगरा तांबूस पडतो, आणि फोटोत तेवढेच दिसते.

गाभ्यासाठी पूर्वी थर्माकोलचा गोळा आणि टाचण्या सर्रास वापरत. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिक व थर्माकोलबंदीत सजावटीचे थर्माकोल आले, तरी गोळे बाजारातून पुरते गेलेले नाहीत. फोम त्या नावाने बदनाम नसला तरी तोही कुजत नाही. चुरा होऊन बारीक कणांत उरतो. लग्नानंतर अख्खा गेंद निर्माल्य कलशात टाकण्याची पद्धत म्हणूनच चुकीची. फुले उपसून निर्माल्यात द्यावीत, फोम, तार आणि फीत सुक्या कचऱ्यात. सुतळीवर गुंडाळलेल्या झेंडूच्या गेंदाला ही वेगळी करण्याची कटकट नाही.