आलुश
आलुश : मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील माया लोकांच्या समजुतीतला बुटका निसर्गात्मा. अनेकवचन आलुशोब. उंची माणसाच्या गुडघ्याएवढी, पोशाख जुन्या माया पद्धतीचा. एरवी तो दिसत नाही. रान, गुहा, सेनोते (चुनखडीच्या जमिनीतील नैसर्गिक पाणविहिरी), पडक्या वास्तू व मक्याची शेते ही त्याची वसतिस्थाने.

लोकप्रिय लेखनात आलुशाला सरसकट वनदेवतांत बसवतात. ते फारसे बरोबर नाही. युकातेक माया खेड्यांत ज्यांची रीतसर आराधना होते ते युन्त्सिलोब, म्हणजे ‘धनी’. पाऊस पाडणारे चाक, गाव व शेत राखणारे बालाम आणि रानाचे रखवालदार कुइल काश हे त्यांतले मुख्य. आलुश या मंडळीबाहेरचा व खालच्या पायरीवरचा. त्याला खूश ठेवायचे असते, त्याची भक्ती होत नाही.

आलुशाच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार हे यूरोपीय बुटक्यांचे, विशेषतः स्पॅनिश ‘दुएंदे’चे, वसाहतकाळात रुजलेले रूप आहे. खोड्या काढणे, दगड भिरकावणे, वस्तू लपवणे ही लक्षणे दोहोंत सारखी आहेत, हे या मताचे बळ. दुसरे मत मूर्तींकडे बोट दाखवते. नांगराविना, रान तोडून-जाळून केल्या जाणाऱ्या मिल्पा शेतीत जमिनीतून मातीच्या जुन्या प्रतिमा वर येतात. मायापान या युकातानमधील जुन्या माया नगरातील मानवाकृती धूपपात्रे, साधारणतः तेराव्या ते पंधराव्या शतकांतली, या प्रकारची आहेत. अशा प्रतिमा रात्री जिवंत होतात व तेच आलुश, असे शेतकरी सांगतात. त्यांच्या संसर्गाने वाईट वारे लागून ताप येतो, म्हणून त्या फोडूनही टाकतात. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड टॉझर यांनी 1907 मध्ये नोंदवलेली कथा येथे महत्त्वाची ठरते : सूर्य नसलेल्या पहिल्या युगात सैयामविनिकोब नावाच्या बुटक्यांनी अंधारात, आज अवशेषरूपात उरलेली माया नगरे बांधली आणि सूर्य उगवताच ते दगड झाले. आलुश व हे आद्य बुटके एकच, असे म्हणण्याइतका पुरावा नाही; पण अवशेष, बुटका व मूर्ती यांची सांगड स्पॅनिश प्रभावापुरती मर्यादित मानणे कठीण जाते. वर्तनातील काही तपशील उसना आणि मूर्तीशी असलेले नाते स्थानिक, असा मधला निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने 1562 मध्ये युकातानमधील मानी येथे मूर्ती व हस्तलिखिते नष्ट करविली, हे ध्यानात घेतल्यास उरलेल्या मूर्ती भयाच्या का ठरल्या असाव्यात याचाही अंदाज येतो.

शेतात आलुश ‘बसवण्याची’ रीत आहे. काही कथनांत ह्मेन (माया पुरोहित-वैदू) मातीची मूर्ती घडवून तीत शेतमालकाच्या रक्ताचे थेंब मिसळतो. मूर्तीसाठी शेतात छोटेसे घर बांधतात. ते काह्ताल आलुश. साका, म्हणजे मक्याचे पातळ पेय, तेथे ठेवतात. मोबदल्यात आलुश पाऊस बोलावतो, रात्री राखण करतो व चोरावर खडे टाकतो. सात वर्षांनी घराची दारे-खिडक्या बंद करून त्याला आत कोंडावे लागते; नाहीतर तो मालकावरच उलटतो. नैवेद्य चुकला तरी तोच धोका.

कान्कूनजवळच्या एका पुलाचे बांधकाम वारंवार कोसळल्याने पुलाखाली आलुशाचे घर बांधले, अशी दंतकथा प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी झाडावरील एका आकृतीचे छायाचित्र आलुश म्हणून प्रसृत केले. ते 2021 पासूनच समाजमाध्यमांवर फिरत होते.

बेलीझमधील ताता दुएंदे हा मिश्र परंपरेचा जवळचा नातलग : रुंद टोपी, उलटी पावले, अंगठे नाहीत. ग्वातेमालातील केक्ची माया मात्र डोंगर-दरीच्या त्सुलताका या देवतांना भजतात. त्या गुहांत राहतात व पिकाच्या, शिकारीच्या मालक असतात. त्यांची तुलना आलुशाशी नव्हे, युन्त्सिलोबांशी करणे योग्य.