जुनी, पण निगा राखलेली शिडाची बोट विकताना
बोट विक्रीस देणाऱ्या मालकांसाठी माहितीपत्रक

तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली, लांबच्या सागरी प्रवासाची शिडाची बोट आमच्याकडे विक्रीसाठी येते, तेव्हा मालक बहुधा तिच्यावर केलेल्या खर्चापासून बोलायला सुरुवात करतात. तो खर्च खरा असतो आणि त्यामागचे कष्टही खरे असतात. मात्र खरेदीदार झालेल्या खर्चाचे पैसे देत नाही, पुढच्या काही वर्षांत त्याला स्वतःला जी कामे करावी लागणार नाहीत, त्यांचे पैसे तो देतो. त्यामुळे नूतनीकरणाचा पूर्ण खर्च किमतीतून वसूल होईल, असे आश्वासन आम्ही कोणालाही देत नाही. त्या कामांमुळे बोट लवकर आणि विनातक्रार विकली जाऊ शकते, परंतु ती कामे कागदावर दिसली पाहिजेत.

फायबरग्लासची बोटबांधणी 1960च्या दशकात रुळली आणि त्या काळातल्या कित्येक बोटींची कवचे आजही धडधाकट आहेत. झिजतात ते कवचाला जोडलेले भाग. म्हणून अनुभवी खरेदीदार बोटीचे वय विचारून थांबत नाही. डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या, इंजिन कधीचे, पाणी आत-बाहेर नेणाऱ्या तळाच्या झडपा कधी बदलल्या, असे तो एकेका भागाचे वय विचारतो. प्रत्येक कामाची तारीख, ते कोणी केले, कोणता भाग बसवला आणि त्याची पावती, एवढे एका वहीत क्रमाने लावून ठेवावे. न झालेल्या कामांची यादीही त्याच वहीत, आणि शक्यतो पहिल्याच पानावर असावी. हे ऐकून अनेक मालक बिचकतात. परंतु सर्व्हेअरला, म्हणजे खरेदीदारातर्फे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला, जे सापडणारच आहे, ते आपण आधी सांगितले तर त्याचा किमतीत विचार होतो आणि त्याने शोधून काढले तर आपल्या बाकीच्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो.

सर्वाधिक प्रश्न डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांविषयी येतात. तारा वरून चकचकीत दिसत असल्या तरी साधारण 10 ते 15 वर्षांनी त्या बदलाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे आणि अनेक विमा कंपन्याही तसा आग्रह धरतात. तारेवरून सुती फडका हळूहळू फिरवून पाहावा. एखादा तंतू तुटलेला असेल तर फडका तिथे अडकतो. ही तपासणी उघड्या हाताने मात्र करू नये. तारा ज्या धातूच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात, त्या चेनप्लेटची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्टेनलेस स्टीलला टिकून राहण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. पट्टी जिथे डेकमधून आत उतरते, तिथे सीलंटखाली ओल साचते, हवा पोहोचत नाही आणि धातू आतल्या आत पोखरला जातो. चेनप्लेट बाहेर काढून तपासल्या असतील, तर त्या वेळचे एखादे छायाचित्र, ज्यात पट्टी बाकावर ठेवलेली आहे आणि बोल्टांची भोके स्वच्छ दिसत आहेत, आमच्या मते नव्या रंगाच्या डब्यांपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

डेकचे परीक्षण मालकाने स्वतः आधी करावे. बऱ्याच जुन्या बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड असते. डेकवर बसवलेल्या एखाद्या साहित्याच्या स्क्रूवाटे पाणी आत गेले की ते लाकूड कुजते. प्लास्टिकच्या लहान हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जावे. धड भागातून टणक, कोरडा आवाज येतो आणि थर सुटलेले असतील तिथे बद्द आवाज येतो. फायबरग्लासमध्ये पाणी मुरून तळावर येणाऱ्या फोडांविषयी, म्हणजे ऑस्मोसिसविषयी, लोकांच्या मनात असलेली भीती बहुधा प्रत्यक्ष धोक्यापेक्षा मोठी असते. तरी बोट पाण्याबाहेर काढल्याबरोबर ओलावामापक लावल्यास आकडे चढेच येतात, हे लक्षात घेऊन तपासणीपूर्वी तिला काही दिवस कोरडी राहू द्यावी. पूर्वी उपचार झाले असतील, तर कवच किती काळ सुकवले आणि एपॉक्सीचे किती थर दिले, याचा तपशील जोडावा.

खरेदीदार येण्याआधी इंजिन सुरू करून गरम ठेवू नये. जाणकार माणूस आल्या आल्या त्यावर तळहात ठेवतो आणि ते कोमट लागले तर सुरू व्हायला कुरकुर करत असावे, असे गृहीत धरतो. थंड डिझेल इंजिन त्याच्यासमोर सुरू करावे आणि धुराबरोबर थंडाव्याचे पाणी नीट बाहेर पडते आहे, हे त्याला पाहू द्यावे. इंजिनाचे तास कमी असणे हा दरवेळी गुणच असतो असे नाही. वर्षानुवर्षे न चाललेले इंजिन नियमित चाललेल्यापेक्षा अधिक त्रास देऊ शकते. तळातल्या झडपा साध्या पितळेच्या असतील, तर खाऱ्या पाण्यात त्यांतले जस्त निघून जाते आणि खरवडल्यावर धातू गुलाबी दिसतो. अशा झडपा विक्रीपूर्वी बदलणे हा आम्ही सुचवत असलेल्या मोजक्या खर्चांपैकी एक आहे.

नव्याने लिथियम बॅटऱ्या बसवल्या असतील, तर त्यांच्याबरोबर चार्जर आणि इंजिनाच्या अल्टरनेटरचे नियमनही बदलले आहे का, हे लेखी द्यावे. या बॅटऱ्या एवढा विद्युतप्रवाह ओढून घेतात, की जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. नकाशे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे मात्र विक्रीसाठी म्हणून नवी घेऊ नयेत, कारण ती नवा मालक आपल्या आवडीची बसवतो. गाद्यांची खोळे स्वच्छ असली की पुरे. बिल्जला, म्हणजे बोटीच्या आतल्या, पाणी साचणाऱ्या तळभागाला, ताजा रंग तर मुळीच देऊ नये. कोरडे, धुतलेले आणि जुन्याच रंगाचे बिल्ज विश्वास देते. नुकताच रंगवलेला तळ पाहून काय झाकले असावे, असा प्रश्न आमच्याही मनात येतो.

देकार सामान्यतः सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी या अटींवर स्वीकारला जातो. अनामत रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवली जाते आणि सर्व्हेचा व बोट पाण्याबाहेर काढण्याचा खर्च प्रथेप्रमाणे खरेदीदार करतो. अहवालात दोष निघाल्यास किंमत कमी करावी की दुरुस्ती करून द्यावी, हे आपणच ठरवायचे असते. घाईची दुरुस्ती करण्यापेक्षा किंमत कमी करणे बहुधा सोयीचे पडते. आधीच्या सर्व मालकांपासून आपल्यापर्यंत आलेली मालकीची कागदपत्रे आणि बोटीवर कर्जाचा बोजा नसल्याचा दाखला ही कागदपत्रे जाहिरात देण्यापूर्वीच आमच्याकडे द्यावीत.

विक्रीपत्रावर सह्या होऊन ताबा दिला जाईपर्यंत विमा बंद करू नये. रेडिओच्या ओळख क्रमांकाची आणि 406 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या संकटसूचक बीकनची नोंद ताबा देतानाच नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावी. ही नोंद राहून गेली, तर दूर कुठेतरी कोणी तो बीकन चालू केल्यावर बचाव केंद्राचा पहिला फोन आपल्याला येईल आणि बोटीवर कोण आहे, हे आपल्याला सांगता येणार नाही.