शनाखींच्या गोष्टी कागदावर कशा आल्या

आयर्लंडमधले शनाखी म्हणजे गेलिक भाषेत पूर्वापार गोष्टी सांगत आलेली माणसं. त्यांचं नाव निघालं की लोकांना शेकोटी आणि धुकं आठवतं. पण त्यांच्या गोष्टी आज वाचायला मिळतात त्या सरकारी खर्चाने नेमलेल्या कारकुनी चिकाटीच्या माणसांमुळे.

गेलिक भाषेची पीछेहाट आधीपासूनच चालू होती. 1831 पासून निघालेल्या राष्ट्रीय शाळांत शिक्षण इंग्रजीतून होतं. 1845 मध्ये गरिबांचं मुख्य अन्न असलेल्या बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं दगावली. त्याहून जास्त परदेशी गेली. सर्वांत मोठा फटका बसला तो गरीब पश्चिम भागाला, आणि गेलिक बोलणारे बहुतेक तिथलेच. पोराला अमेरिकेत पोट भरायचं तर इंग्रजी हवी, हा आईबापांचा हिशोब चुकीचा कसा म्हणायचा?

श्रोते कमी होत गेले तेव्हा काय झालं, हे शॉन ओ कॉनिल यांच्याकडे पाहिलं की कळतं. नैऋत्य आयर्लंडमधल्या केरी परगण्याच्या किनाऱ्यावरचा हा निरक्षर शेतकरी-कोळी. इंग्रजी येत नव्हती. गोष्टी विसरू नयेत म्हणून गुरं चारताना दगडी गडग्यासमोर हातवारे करत तो त्या मोठ्याने सांगायचा. बाजारातून परतताना आपल्याच गाडीच्या पाठीला ऐकवायचा. 1923 मध्ये जेम्स डेलार्गी हा तरुण अभ्यासक त्याच्याकडे पोहोचला आणि पुढची काही वर्षं त्याच्याकडून गोष्टी उतरवून घेत राहिला. 1931 मध्ये ओ कॉनिल गेला.

हेच डेलार्गी 1935 मध्ये सरकारने नेमलेल्या लोकसाहित्य आयोगाचे प्रमुख झाले. संकलक मोजकेच, बरेचसे त्या त्या भागातले. सोबत एडिफोन नावाचं अवजड यंत्र. मेणाच्या नळकांड्यावर आवाज मुद्रित करायचा, मग शब्द न् शब्द वहीत उतरवायचा. पैशाची चणचण इतकी, की उतरवून झालं की मेण तासून तेच नळकांडं पुन्हा वापरायचे. त्यामुळे हजारो पानं राहिली, पण त्यामागचे बहुतेक आवाज गेले. ज्या कलेत थांबणं आणि सूर हेच अर्धं काम, तिचं हे नुकसान थोडं नव्हे. तरी पर्याय होता कुठे!

1937 ते 1939 या काळात तर शाळकरी मुलांनाच कामाला लावलं. सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतली मुलं आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून भुतांच्या गोष्टी, औषधी पाले, विहिरींच्या दंतकथा वहीत लिहून आणत. त्यातून साडेसात लाखांच्या आसपास पानं जमली.

1971 मध्ये हा संग्रह युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनकडे गेला. 2017 मध्ये जगभरातला मोलाचा दस्तऐवजी ठेवा नोंदवणाऱ्या युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याची नोंद झाली आणि आता त्यातला मोठा भाग इंटरनेटवर मोफत आहे. वाचताना एक ध्यानात ठेवावं. केरीजवळच्या ब्लास्केट बेटावर गोष्टी सांगणाऱ्या पेग सेयर्स या बाईंनी आयोगाला शेकडो गोष्टी दिल्या खऱ्या, पण आयोगाचे पूर्णवेळ संकलक सगळे पुरुष होते. बायका आपापसात जे बोलत, ते त्यांच्यासमोर कितीसं बोललं गेलं असेल?