परदेशस्थ नागपूरकरांची टपालव्यवस्था

परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या किंवा वर्षातील बरेच महिने प्रवासात असणाऱ्या व्यक्तीच्या नावे मायदेशीच्या पत्त्यावर येणारे टपाल स्वीकारणे, ते उघडून पाहणे, महत्त्वाचे असेल ते तिला कळवणे वा पाठवणे आणि बँका, सरकारी कार्यालये व कंपन्या यांच्याकडील पत्त्याच्या नोंदी अद्ययावत ठेवणे, या कामांची मिळून टपालव्यवस्था होते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नागपुराबाहेर गेलेल्यांचे घर, प्लॉट, बँकेतील खाते आणि वडिलांनी घेतलेले चार शेअर नागपूरच्या पत्त्यावरच राहतात. माणूस मात्र त्या पत्त्यावर नसतो. भारतीय कायदा अनेक बाबतींत पत्र योग्य पत्त्यावर पोचले म्हणजे ते माणसाला मिळाले असे धरून चालतो, आणि त्यामुळे घरगुती वाटणाऱ्या या विषयाला कायदेशीर वजन येते.

या गृहीताचा मुख्य आधार १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमधील कलम २७ हा आहे. पत्ता बरोबर लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेले पत्र, उलट काही सिद्ध होईपर्यंत, नेहमीच्या टपालाला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात बजावले गेले असे या कलमानुसार मानले जाते. धनादेश न वटल्याच्या प्रकरणातील नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने सी. सी. अलवी हाजी खटल्यात २००७ मध्ये हेच तत्त्व लागू केले आणि नोटीस मिळालीच नाही असे म्हणणाऱ्याला न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची वाट मोकळी ठेवली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मधील नियम १५ नुसार प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीवर समन्स बजावता येते. घरातील नोकर मात्र या अर्थाने कुटुंबीय ठरत नाही. मुलगा कायमचा परदेशी गेला असेल तर घरी असलेले आईवडील त्याच्या ‘सोबत राहणारे’ ठरतात का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो, पण तो वाद न्यायालयात घालण्याची वेळ येऊ न देणे केव्हाही श्रेयस्कर.

परत गेलेल्या पाकिटावर पोस्टमन जो शेरा मारतो त्यालाही म्हणूनच महत्त्व असते. ‘लेफ्ट’ म्हणजे पत्तेदार तेथून निघून गेला, ‘डोअर लॉक्ड’ म्हणजे घराला कुलूप, ‘अनक्लेम्ड’ म्हणजे सूचना देऊनही कोणी पत्र घ्यायला आले नाही आणि ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे घेण्यास नकार. नोटीस पाठवणाऱ्याचा वकील हे पाकीट न उघडता तसेच जपून ठेवतो आणि पुराव्यात दाखल करतो. घरच्या मंडळींनी ‘तो इथे राहत नाही, आम्ही कशाला सही करू’ असे म्हणून पत्र परत लावले की पाकिटावर बहुधा ‘रिफ्यूज्ड’ येते, आणि चारही शेऱ्यांत परदेशी बसलेल्या माणसाला सर्वांत महाग पडणारा शेरा हाच आहे. पत्र घ्यावे, उघडावे आणि त्याच दिवशी कळवावे, हेच अशा घरांत सर्वांना सांगून ठेवलेले असावे.

नागपूरच्या पत्त्यावर येणाऱ्या टपालात काही प्रकार खास इथले आहेत. शहराचा मोठा भाग लेआऊट पाडून वसलेला असल्याने पत्ता ‘प्लॉट नंबर, अमुक सोसायटीचा लेआऊट, अमुक नगर’ असा लिहिला जातो, आणि एकाच नगरात तीन-चार लेआऊट शेजारी शेजारी असले तर एकाच क्रमांकाचे तितकेच प्लॉट सापडतात. जुना पोस्टमन आडनावावरून घर ओळखतो. त्याची बदली झाली की सोसायटीचे नाव नसलेले पत्र चुकीच्या फाटकात पडते. नागपूर सुधार प्रन्यास ही १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था असून तिच्या भाडेपट्ट्यावरील भूखंडांचे भूभाडे व नूतनीकरण यांचा आणि गुंठेवारी (रीतसर मंजुरीविना लहान तुकडे पाडून विकलेल्या) लेआऊटमधील प्लॉटच्या नियमितीकरणाचा पत्रव्यवहार तिच्याकडून होतो. तिच्याकडून येणाऱ्या डिमांड नोटमध्ये पैसे भरण्याची मुदत दिलेली असते. महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या देयकाचेही तसेच. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते आणि दीर्घ थकबाकीत जप्तीपर्यंत मजल जाते. शहराबाहेर शेती वा मोकळी जागा असणाऱ्याच्या दृष्टीने फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतील बदलाची, नोटीस सर्वांत नाजूक असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार हितसंबंधितांना अशी सूचना द्यावी लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. बंद घराच्या पत्रपेटीत ती पडून राहिली, तर सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागल्याचे पुढच्या सुट्टीत कळते.

याखेरीज एक प्रकार असा आहे की तो जाताना कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि तो म्हणजे जामीनकीचा. मित्राच्या किंवा चुलतभावाच्या कर्जाला पतसंस्थेत अथवा बँकेत जामीनदार म्हणून सही केलेली असते आणि कर्ज थकले की नोटीस जामीनदाराच्या जुन्या पत्त्यावर येते. तारण मालमत्तेबाबत सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) खालील मागणी नोटीस आली तर भरण्यासाठी ६० दिवस असतात. देश सोडण्यापूर्वी आपण कोठे कोठे सह्या केल्या आहेत याची यादी करून ती घरी ठेवणे हे बॅग भरण्याइतकेच आवश्यक मानावे.

टपाल आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात, आणि १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत असत. देशभरात सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषक आणि संस्कृत कवी होते. सिव्हिल लाइन्समधील प्रधान डाकघराचा क्रमांक ४४०००१ आहे. धरमपेठ–शंकरनगर परिसर ४४००१० मध्ये, तर महाल ४४००३२ मध्ये येतो. परदेशस्थांच्या दृष्टीने या क्रमांकाला व्यावहारिक अर्थ आहे. टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज आपल्या भागात वाटप करणाऱ्या डाकघरात द्यावा लागतो, आणि तो प्रधान डाकघरात दिला तर तुमच्या बीटच्या पोस्टमनपर्यंत पोचेलच असे नाही.

टपाल खात्याकडून मिळणाऱ्या सोयी थोड्या पण उपयुक्त आहेत. पत्तेदाराच्या लेखी अर्जावरून त्याचे टपाल मर्यादित काळासाठी दुसऱ्या पत्त्यावर वळवले जाते. नोंदणीकृत टपाल आपल्या वतीने घेण्यास विशिष्ट व्यक्तीला लेखी अधिकार देता येतो. डाकघरात पोस्ट बॉक्स भाड्याने घेता येतो, आणि फिरस्त्यांसाठी ‘पोस्ट रेस्तांत’ ही पद्धतही आहे; तीत डाकघराच्या नावे आलेले पत्र ओळख पटवून तेथूनच घेतात. रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, आणि त्यानंतर स्पीड पोस्टसोबत नोंदणी तसेच ओटीपीवर आधारित वाटप या जोडसेवा देण्यात आल्या. ओटीपीच्या वाटपात परदेशस्थांची पंचाईत होऊ शकते. पाठवणाऱ्याने मूळ पत्तेदाराचा मोबाइल क्रमांक दिलेला असेल तर नागपुरात सकाळी अकराला पोस्टमन दारात उभा असताना संदेश टोरांटोतील फोनवर येतो, आणि तेथे ऋतूनुसार रात्रीचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात. महत्त्वाचे कागद मागवताना टपाल घेणाऱ्या घरच्या माणसाचा क्रमांक देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. पासपोर्टसारखे काही टपाल तर ओळख पटवून खुद्द अर्जदाराच्याच हाती दिले जाते. तेथे अधिकारपत्राचा उपयोग नसतो.

प्रत्यक्षात बहुतेक नागपूरकर कुटुंबांत हे काम आई, वडील, बहीण किंवा शेजारच्या काकू करतात. पाकिटाची पुढची बाजू, मागची बाजू आणि आतील प्रत्येक पान यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले जातात. यात पाकिटाच्या फोटोकडे सहसा दुर्लक्ष होते, परंतु पत्र केव्हा निघाले आणि केव्हा पोचले हे टपालाच्या शिक्क्यांवरूनच ठरते आणि मुदती तेथूनच मोजल्या जातात. फोटो नुसते गप्पांच्या ओघात न टाकता त्यासाठी वेगळा गट करावा, आणि मूळ कागद वर्षवार फायलीत लावावेत. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन घर सांभाळायला सांगणे वेगळे आणि त्याच्याकडे टपाल सोपवणे वेगळे. टपालात बँकेचे विवरण असते, आजाराचे अहवाल असतात, न्यायालयाची नोटीस असते. ज्या माणसाने हे सर्व वाचले तरी चालेल अशाच माणसाची निवड करावी, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. उत्तर द्यायचे, कर भरायचा किंवा कार्यालयात हजर राहायचे असेल, तर केवळ टपाल घेण्याचा अधिकार पुरत नाही. त्यासाठी मुखत्यारपत्र करावे लागते. ते परदेशात केले असल्यास भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेतात, किंवा ॲपोस्टील (कागदपत्र खरे असल्याचे दुसऱ्या देशांत मान्य होणारे प्रमाणपत्र) करारातील देशात नोटरीपुढे करून त्यावर ॲपोस्टील घेतात. भारत या करारात २००५ पासून आहे. असे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात प्रथम पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि ही मुदत अनेकांच्या हातून निसटते.

येणारे टपाल कमी करणे हा या व्यवस्थेचा दुसरा भाग होय. महावितरणची ‘गो-ग्रीन’ योजना स्वीकारली की कागदी वीजबिल बंद होऊन ते ईमेलवर येते, बँका व म्युच्युअल फंड विवरणे ईमेलने पाठवतात आणि प्राप्तिकर विभागाच्या सूचना पोर्टलवर दिसतात. मात्र या साऱ्याची किल्ली भारतीय मोबाइल क्रमांकात असते. रिचार्जअभावी क्रमांक बंद पडून दुसऱ्याला दिला गेला, तर पत्ता हरवण्याइतकेच नुकसान होते. परदेशात स्थायिक झाल्यावर निवासी बचत खाते एनआरओ (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील रुपयांच्या) खात्यात बदलून घेणे फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याखालील नियमांनुसार आवश्यक असते. त्याच अर्जासोबत परदेशी पत्ता नोंदवला की बँकेचा पत्रव्यवहार आपोआप मार्गी लागतो. ‘पत्ता अपूर्ण असल्याने आपले पार्सल अडकले आहे, दुव्यावर जाऊन अद्ययावत करा’ असे टपाल खात्याच्या नावाने येणारे संदेश फसवणुकीचे असतात. घरी टपाल सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगावे लागते, कारण मुलाच्या पार्सलची काळजी त्यांनाच अधिक असते.

ज्या देशात वास्तव्य आहे तेथील टपालाचे नियमही माहीत असणे अगत्याचे आहे. जर्मनीत पत्रपेटीवर राहणाऱ्याचे नाव नसेल तर पत्र परत जाते. नव्याने आलेल्याला करओळख क्रमांक टपालानेच कळवला जातो, म्हणून पेटीवर देवनागरीत नव्हे तर तेथील नोंदणीत आहे त्याच वर्णलेखनात नाव लावावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत घरपोच टपालाऐवजी पोस्ट बॉक्सची पद्धत रूढ आहे आणि नोकरदारांचे टपाल बहुधा कंपनीच्या बॉक्सवर येते. नोकरी सुटली की तो पत्ताही सुटतो. अमेरिकेत बहुतेक परदेशी नागरिकांना घर बदलल्यापासून दहा दिवसांत नवा पत्ता स्थलांतर विभागाला कळवावा लागतो. तेथील टपालखाते सुट्टीवर जाणाऱ्याचे टपाल ३ ते ३० दिवस राखून ठेवते, तर ब्रिटनचे रॉयल मेल हेच काम शुल्क घेऊन १०० दिवसांपर्यंत करते.

मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे निवृत्तिवेतनधारक हा नागपुरातील मोठा वर्ग आहे. त्यांच्या बाबतीत घर बंद आणि टपाल घेणारेच परदेशी, अशी उलटी स्थिती होते. दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ प्रणालीमुळे डिजिटल पद्धतीने देता येतो, आणि केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून सादर करता येतो. बंद घराच्या फाटकावरील पत्रपेटीकडे मात्र कोणी बघत नाही. उन्हाळ्यात निघून दिवाळीला परतणाऱ्यांच्या पेटीतील कागद विदर्भातील पावसात भिजून लगदा होतो. पेटीला झाकण व मागून उघडणारे कुलूप असावे आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करण्याचे काम कोणाकडे तरी नेमून दिलेले असावे.

आईवडील गेल्यावर घर कायमचे बंद होते आणि त्यांच्या नावाचे टपाल तरीही येत राहते. हे टपाल न वाचता परत लावणे किंवा रद्दीत देणे हे वारसांच्या हिताचे नसते, कारण वडिलांची कोणती खाती, ठेवी व शेअर होते याचा माग बहुधा याच पाकिटांवरून लागतो. लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही तर कंपनी कायद्याच्या कलम १२४ नुसार तो आणि संबंधित शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. दोन्हींवर वारसांना नंतर दावा करता येतो, आणि बेवारस ठेवींचा शोध २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव व पॅन वा जन्मतारखेसारखा तपशील देऊन घेता येतो.