मंजूर पेटंटवर लोकांची हरकत (खानदेशाच्या संदर्भात)

पेटंट मंजूर झाल्यावर त्यातली गोष्ट नवी नाही, ती आधीच छापली गेली होती किंवा लोकांच्या वापरात होती, असा पुरावा त्रयस्थाने पेटंट कार्यालयापुढे मांडण्याची कायदेशीर सोय. पेटंटच्या अर्जाची तपासणी करणारा परीक्षक जुनी पेटंटे आणि छापील साहित्य चाळतो. यावलच्या केळीबागेत किंवा धडगावच्या पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या काय चालत आले आहे, ते त्याच्या टेबलापर्यंत आपोआप पोचत नाही. कोणीतरी ते पोचवावे लागते.

अमेरिकेत पेटंट कायद्याच्या कलम ३०१ नुसार कोणीही, केव्हाही, मंजूर पेटंटशी संबंधित जुनी पेटंटे किंवा छापील प्रकाशने कार्यालयात दाखल करू शकतो. विनंती केल्यास त्याचे नाव गुप्त राहते. मात्र नुसत्या माहितीने पेटंट हलत नाही. त्यासाठी शुल्क भरून फेरतपासणी मागावी लागते. हळदीचे प्रकरण याच वाटेने गेले. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले आणि ३२ संदर्भ दाखल केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये सगळे दावे नाकारले गेले. कापल्या-खरचटल्यावर हळद दाबणे भारतातल्या घराघरात ठाऊक होते. तेवढे सांगून मात्र भागले नसते. छापलेले आणि तारीख असलेलेच पुढे ठेवावे लागले.

कडुलिंबाच्या प्रकरणात उलट घडले, आणि खानदेशातल्या शेतकऱ्याला ते अधिक जवळचे वाटावे. लिंबोळीच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्याचे युरोपीय पेटंट १९९४ मध्ये अमेरिकी कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना मिळाले होते. त्यावरच्या सुनावणीत एका भारतीय कारखान्याच्या व्यवस्थापकाने साक्ष दिली : असेच उत्पादन आपण आधी केले होते, आणि १९८५ व १९८६ मध्ये महाराष्ट्रातल्या शेतांवर त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. पेटंट २००० मध्ये रद्द झाले, २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. शेतावरचा वापरसुद्धा पुरावा ठरतो. कोणी, कुठे आणि कधी केला, हे ठामपणे सांगणारा माणूस मात्र उभा राहावा लागतो.

भारतात पेटंट कायदा, १९७० च्या कलम २५(२) मध्ये मंजुरीनंतरच्या विरोधाची तरतूद आहे. २००५ च्या दुरुस्तीने ती आजच्या रूपात आली. मंजुरीआधी कोणीही विरोध करू शकतो. मंजुरीनंतर मात्र ‘हितसंबंधित व्यक्ती’च, म्हणजे त्या गोष्टीशी ज्याचा खरा संबंध आहे तोच, आणि मंजुरी जाहीर झाल्यापासून एक वर्षाच्या आत. विरोध नमुना क्रमांक ७ मध्ये, निवेदन आणि पुराव्यासह दाखल होतो. तीन सदस्यांचे विरोध मंडळ कागद तपासून शिफारस करते, सुनावणी होते, आणि नियंत्रक, म्हणजे पेटंट कार्यालयाचा निर्णय देणारा अधिकारी, पेटंट कायम ठेवतो, त्यात दुरुस्ती करवतो किंवा ते रद्द करतो. महाराष्ट्रासाठी हे काम मुंबई कार्यालयात चालते. वर्ष उलटून गेले तर कलम ६४ खाली उच्च न्यायालय उरते. तो खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. म्हणून मंजुऱ्या जाहीर करणाऱ्या, दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट नियतकालिकावर कोणाची तरी नजर असणे, हाच या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

सरकारकडे कलम ६६ आहे. लोकहिताला बाधक ठरणारे पेटंट केंद्र सरकार त्याखाली रद्द करू शकते. खानदेशाचे पोट ज्या पिकावर चालते त्या कपाशीबाबत हे घडले आहे : जनुकबदल केलेल्या कापसासंबंधीचे अ‍ॅग्रासिटस कंपनीचे भारतीय पेटंट १९९४ मध्ये रद्द झाले.

विरोधाच्या कारणांमध्ये खानदेशासाठी दोन मोलाची आहेत. वापरलेल्या जैविक सामग्रीचे मूळ ठिकाण लपवणे किंवा चुकीचे सांगणे हे एक. स्थानिक किंवा आदिवासी समाजात तोंडी वा अन्य रूपाने असलेल्या ज्ञानात ती गोष्ट आधीच होती, हे दुसरे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजाचे मोह, डिंक, मुळ्या-सालींचे ज्ञान बहुतांशी बोलण्यातच आहे. पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह २००१ पासून उभा राहिला, पण तो आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर बांधलेला आहे. पाड्यावरची म्हातारी जे सांगते ते त्यात नाही.

छापील पुरावा शोधायचा तर १८८० चे खानदेश गॅझेटियर हाताशी आहे. पांझरा काठच्या बंधाऱ्यांवरची, गावाने मिळून शेताला पाणी देण्याची फड पद्धत मात्र गावांच्या वहिवाटीतच जास्त भेटते. बंधारा, पाट, फडांत वाटलेले क्षेत्र, पाणी सोडणारा पाटकरी, राखणीला जागल्या, असा तिचा थाट. शेतीची पद्धत भारतात कलम ३(एच) मुळे मुळातच पेटंटयोग्य नाही. पण पाळीपाळीने पाणी देणाऱ्या एखाद्या यंत्रणेवर कोणी हक्क सांगितला, तर फडाची नोंद उपयोगी पडू शकते.

जळगावची केळी आणि भरीताची वांगी यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ‘आपल्या केळीचे पेटंट झाले’ असे बोलले जाते. ते चूक आहे. मानांकन नावाचे रक्षण करते; केळीच्या खोडापासून धागा काढण्याच्या नव्या यंत्रावर कोणी पेटंट घेतले तर ते अडवण्यास त्याचा उपयोग नाही. बियाण्याच्या वाणांसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे.

अडचण भाषेचीही आहे. कार्यालयात कागद हिंदी किंवा इंग्रजीत लागतात. अहिराणीत, पावरीत सांगितलेली गोष्ट आधी मराठीत, मग हिंदी-इंग्रजीत नेताना वनस्पतीचे नावच बदलून जाण्याची भीती असते. ग्रामपातळीवरच्या जैवविविधता समित्यांच्या लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद, इथे मदतीला येऊ शकतात. पण नोंद करावी की गुप्त ठेवावी, हा निर्णय त्या पाड्याचाच असायला हवा, कारण उघडी पडलेली माहिती परत झाकता येत नाही.

तोंडी ज्ञानासाठी दिलेल्या शपथपत्रात सांगणाऱ्याचे नाव-गाव, कोणाकडून शिकलो, कुठल्या सालापासून, कुठल्या ऋतूत, नेमके किती प्रमाणात आणि कशासाठी वापरतो, हे यायला हवे. सोबत त्याच गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचे शपथपत्र आणि वनस्पतीचा वाळवलेला नमुना जोडला, तर पुरावा बळकट होतो.