वेदनासंवेदन चाचणी (कंबरदुखीतील)

दाब, टोचणी, ऊन-थंड यांचा स्पर्श कितपत वाढला की माणसाला दुखू लागते, हे मोजण्याच्या पद्धतींना वेदनासंवेदन चाचणी म्हणतात. धरलेली कंबर काही आठवड्यांत सुटेल की दुखणे वर्षानुवर्षे चिकटून बसेल, हे या मोजणीवरून आधीच ओळखता येईल अशी आशा होती. ती फारशी खरी ठरलेली नाही.

सर्वांत सोपी चाचणी दाबाची. दाबमापकाच्या टोकाला साधारण १ चौरस सेंटिमीटरचे रबरी बूड असते. रुग्णाला पालथे झोपवून ते कण्यालगतच्या स्नायूवर टेकवतात आणि दाब सावकाश वाढवत नेतात. ‘आता दुखलं’ असे रुग्ण म्हणताच हात थांबतो, आकडा लिहिला जातो. मग तेच नडगीवर करतात. कंबरेपासून इतक्या दूरही थोड्याशा दाबाने कळ आली, तर मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संदेश वाढवून घेत असावेत, असा तर्क असतो. दुसऱ्या एका चाचणीत सेकंदाला एक अशा दहा टोचण्या देऊन त्या एकट्या टोचणीपेक्षा किती जास्त बोचतात ते पाहतात. जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये अशा १३ मापांची प्रमाणित पद्धत मांडली.

आकडा वाचताना एक फरक विसरून चालत नाही. दुखायला लागण्याची पातळी वेगळी, सोसण्याची हद्द वेगळी. खेळाडूंची सोसण्याची हद्द इतरांपेक्षा जास्त आढळते. दुखणे सुरू होण्याची पातळी मात्र तितकी वेगळी नसते. कोल्हापुरात तर हे ध्यानात ठेवायलाच हवे. लाल मातीत घाम गाळलेला गंगावेश तालमीतला पैलवान ‘काय न्हाई हो, उसण भरलीया’ म्हणून दाब सोसत राहील. त्याने सोसले म्हणजे त्याची कंबर लवकर बरी होईल, असा अर्थ निघत नाही. तसेच, लगेच ‘आई गं’ म्हणणारी बाई नाजूक किंवा सोंगाडी ठरत नाही. हा शिक्का रुग्णावर बसणे ही या चाचणीच्या गैरवापराची सर्वांत वाईट बाजू होय.

चाचणीचे आकडे आणि त्याच वेळची वेदना किंवा अडचण यांचे नातेही कमकुवत आढळते. पुढच्या महिन्यांविषयीचे निष्कर्ष तर एकमेकांशी जुळत नाहीत. कारणे उघड आहेत. झोप मोडली की दुखण्याची पातळी खाली येते. तपासणारा बदलला, दाब वाढवण्याचा वेग बदलला, तरी आकडा हलतो. शिवाय आकडा काहीही असो, नव्याने भरलेली बहुतेक उसण सहाएक आठवड्यांत बरीच उतरते.

साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. कळ पायात उतरते का, कामे किती अडली, मन खचले आहे का, बरे होऊ असे वाटते का? इंग्लंडमधील कील विद्यापीठाची ९ प्रश्नांची पत्रिका याच धर्तीची असून, तिच्यावरून उपचार ठरवण्याचा फायदा २०११ च्या रुग्णांवरील मोठ्या तुलनात्मक अभ्यासात दिसला. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कामगाराला किंवा उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या मजुराला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: चार दिवस हलके काम मिळेल का? उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेऊन आलेल्या ऊसतोड्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते, आणि उपचार तिथूनच आखावे लागतात.